‘असतें तर’चा नीतिविचार

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला व्याकरणाचे पुष्कळ नियम पाठांतरानें साधतात. पण तिकडील शिक्षक ज्याला ‘सेकंड कंडिशनल’ म्हणतात तो वाक्यप्रकार त्याला घटकाभर बुचकळ्यांत पाडतो. ‘इफ आय हॅड मनी, आय वुड हेल्प हिम’ या वाक्यांत ‘हॅड’ हें रूप भूतकाळाचें. गोष्ट मात्र आजची. येथें भूतकाळ काल दाखवीत नाहीं, वस्तुस्थितीपासूनचें अंतर दाखवितो. माझ्यापाशीं पैसे नाहींत, ही कबुली त्या एका रूपांत दडलेली असते.

आपल्याकडे हें काम संकेतार्थ करतो. ‘पैसे असते तर मीं त्याला मदत केली असती’ हें वाक्य आजच्याविषयीं कीं गेल्या वर्षाविषयीं, तें संदर्भावरूनच ओळखावयाचें. संस्कृतांतील लृङ् देखील पाणिनीनें भूत व भविष्य अशा दोहोंकडे योजिला आहे. इंग्रजींत मात्र या दोन अर्थांना दोन निराळीं घरें आहेत. गेल्या वर्षाची गोष्ट असल्यास ‘वुड हॅव्ह हेल्प्ड’ म्हणावें लागतें. तेथें दार कायमचें लागलें. ‘वुड हेल्प’मध्यें दार नुसतें लोटलेलें असतें, कडी लागलेली नसते.

नीतीचा प्रश्न उभा राहतो तो या लोटलेल्या दाराशीं. ‘सवड असती तर आईजवळ रोज घटकाभर बसलों असतों,’ असें म्हणणारा गृहस्थ खोटें बोलत नाहीं. त्याला सवड नाहीं हें खरें. परंतु सवड ही पावसासारखी आभाळांतून पडत नाहीं. ती काढावी लागते. ‘सवड काढून बसेन’ असें तो म्हणाला असता, तर त्या शब्दांनीं तो बांधला गेला असता. ‘असती तर’नें तो मोकळा झाला. जें आपल्या हातचें तें त्यानें व्याकरणाच्या साह्यानें हाताबाहेर ठेविलें, आणि न केलेल्या सेवेचें समाधानही पदरांत पाडून घेतलें.

कोणी म्हणेल, ही नुसती बोलण्याची रीत आहे. वर्गणी मागावयास आलेल्याला तोंडावर ‘नाहीं’ म्हणण्यापेक्षां ‘असते तर दिले असते’ म्हणणें सौजन्याचें. दुसऱ्याचें मन राखण्यापुरतें तें ठीक आहे. परंतु बोलणारा स्वतःच त्यावर विश्वास ठेवूं लागला, म्हणजे तो आपल्या मनांत दानशूर ठरतो आणि पैसा मात्र पेटींतून हलत नाहीं.

या वाक्यप्रकाराचा दुसरा उपयोग उपदेशाचा. मराठींत आपण ‘मी तुझ्या जागीं असतों तर’ म्हणतों. जागा बदलते, माणूस तोच राहतो. इंग्रज ‘इफ आय वेअर यू’ म्हणतो, म्हणजे ‘मी तूंच असतों तर’. ॲडम स्मिथनें १७५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत सहानुभूतीचा अर्थ असाच लाविला आहे. एकुलता मुलगा गमावलेल्या पित्याचें सांत्वन करतांना, माझा मुलगा गेला असता तर मला काय वाटलें असतें, एवढाच विचार पुरा पडत नाहीं; त्या पित्याचा स्वभावही कल्पनेनें आपलासा करावा लागतो, असें त्याचें म्हणणें. व्यवहारांत मात्र इंग्रज काय किंवा आपण काय, आपलीच बुद्धि, आपलाच पगार आणि आपलीच प्रकृति घेऊन दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसतों. ‘मी तुझ्या जागीं असतों तर दिरावर दावा लावला असता,’ असें विधवा बहिणीला सांगणाऱ्या भावाला पुढें त्याच दिराच्या घरांत राहावयाचें नसतें.

म्हणून संकेतार्थ टाकून द्यावा असें नाहीं. त्याच्यावांचून मनुष्याला जें नाहीं त्याचा विचारच करतां येणार नाहीं, आणि त्या विचारावांचून कसलीही सुधारणा व्हावयाची नाहीं. मात्र ‘असतें तर’ तोंडांतून काढतांना त्यांतील कबुली आपणांस ऐकूं यावी. अट खरोखरच आपल्या हाताबाहेरची असेल तर तें वाक्य प्रामाणिक आहे. ती हातांतली असेल तर साधा भविष्यकाळ वापरावा, किंवा सरळ ‘मी करणार नाहीं’ म्हणावें. आणि दुसऱ्याच्या जागीं आपण काय केलें असतें हें सांगण्यापूर्वीं, त्या जागीं बसलेल्या माणसाला आधीं विचारावें, कीं तेथून काय दिसतें.