दुसरा अंगरखा



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घरांत दोन कामे एकदमच निघतात. एक गव्हाणीची जुळवाजुळव आणि दुसरे घराची साफसफाई. जाळी-जळमटे निघतात, डबे घासून पालथे पडतात, पडदे धुतले जातात. मग कोणीतरी कपड्यांचे कपाट उघडते. वरच्या कप्प्यातून दोन साड्या अंगावर घसरतात, एकेका हँगरवर तीन-तीन शर्ट लटकलेले दिसतात. ‘नंतर बघू’ असे म्हणून दार खांद्याने ढकलून लावले जाते. त्या दाराआड काय आहे, याचा आज आपण थोडा विचार करू.

कपाट हा काय प्रवचनाचा विषय झाला, असे कोणास वाटेल. पण पवित्र शास्त्राला तो परका नाही. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना सांगतो, की गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत करावे. रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नसते. संत याकोब आपल्या पत्रात श्रीमंतांना बजावतो, की तुमच्या वस्त्रांना कसर लागली आहे. आणि दर आगमनकाळात जो आपल्याला भेटतो, त्या योहान बाप्तिस्ताकडे लोक जातात व आम्ही काय करावे असे विचारतात. योहान त्यांना रानात येऊन राहायला सांगत नाही, की टोळ आणि रानमध खायला सांगत नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, एवढेच तो सांगतो (लूक, अध्याय ३). प्रभूचा मार्ग सिद्ध करण्याची सुरुवात अशी कपड्यांपासून होते!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटल वाचावाच लागतो. तो म्हणतो, जोड्याचे उपयोग दोन. एक पायात घालणे, दुसरा तो देऊन बदल्यात काही घेणे. पण जोड्याचा स्वतःचा, खरा उपयोग पहिलाच, कारण तो पायासाठी बनला आहे. वर्षानुवर्षे नुसता ठेवून देणे हा उपयोग बिचाऱ्या अ‍ॅरिस्टॉटलला सुचलाच नाही! पुढे संत थॉमस अक्विनास यांनी शिकवले, की माणसाने वस्तू आपल्या मालकीच्या ठेवणे योग्यच आहे. पण वापराच्या बाबतीत त्या सर्वांच्या आहेत असे समजून गरजवंताला सहज द्याव्यात. त्यांच्या नऊशे वर्षे आधी संत बाझिल यांनी याहून कडक शब्दांत सांगितले होते, की पेटीत पडून असलेले वस्त्र उघड्या माणसाचे आहे. ज्याचे त्याला देणे हा न्याय आहे, असे ते मानत.

मग आपले हात का अडखळतात? प्रत्येक घरातील कारणे साधारण सारखीच असतात.

पहिले कारण, ‘कधीतरी लागेल’. त्याचाच भाऊ, ‘बारीक झाल्यावर होईल’. बंधूंनो, त्या पँटीची कंबर आपली दहा वर्षे वाट पाहत आहे. तोवर एखाद्या मुलाला तीच पँट घालून मुलाखतीला जाता येईल.

दुसरे कारण, ‘महागाची आहे’. येथे एक भेद करायला हवा. आपला जिल्हा पैठणीचा आणि हिमरूचा. हातमागावर एका पैठणीला कित्येकदा महिने लागतात. आजीची पैठणी नातीने लग्नात नेसली, तर ती पन्नास वर्षे जपलेली असली तरी अडगळ नव्हे. ती वापरात आहे, तिच्यात विणकराचे श्रम आणि आजीचा जीव आहे. म्हणून किती वर्षे ठेवले, यावर सगळे अवलंबून नाही. ते कोणाच्या अंगाला लागणार आहे का, हा प्रश्न विचारावा.

तिसरे कारण, ‘आहेरात आलेली आहे’. देण्याघेण्याची साडी आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कोणी आवडीने निवडलेली नसते, कोणी नेसत नाही. ती एका लग्नातून दुसऱ्या लग्नात, एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरत राहते. पण अशा वीस साड्या घेण्यासाठी एखाद्या मुलीचा बाप उसनवारी करतो, हे आपण विसरतो. पुष्कळ पत्रिकांवर हल्ली ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असते. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनीही तसे मनापासून छापावे आणि पाळावे. कपाट रिकामे करण्याहून ते भरू न देणे सोपे असते.

चौथे कारण सर्वांत नाजूक. आई गेली, तिची लुगडी ट्रंकेत आहेत. नवरा गेला, त्याचा शर्ट अजून खुंटीला आहे. याला अडगळ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. शोकाला स्वतःचा वेळ लागतो. पण अशा वेळी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा नववा अध्याय वाचावा. यापो गावात तबीथा नावाची शिष्या मरण पावली. पेत्र आला तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती जमल्या आणि तबीथाने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्यांनी त्याला दाखवली. तिची पेटी उघडून कोणी दाखवली नाही. तिची आठवण गावातल्या गरीब बायकांच्या अंगावर होती. तेव्हा आईची एक साडी जरूर ठेवावी. दोन साड्यांची गोधडी शिवून नातवंडांच्या अंगावर घालावी, ही तर आपली जुनी रीत आहे. उरलेल्या साड्या कोणा मावशीच्या अंगावर दिसू द्याव्यात. आई घरातून गेली असे त्याने होत नाही.

आता देण्याविषयी. पूर्वी दारावर बोहारीण यायची, काही मोहल्ल्यांत अजूनही येते. जुने कपडे देऊन आपण स्टीलचे पातेले घेतो. त्यात गैर काही नाही, तिचे पोट त्यावर चालते. शक्य तर घासाघीस कमी करावी. पण तो सौदा आहे, त्याला दान समजू नये. आणि दान करताना समोरच्याचा मान सांभाळावा. सन २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदतीचे इतके निरुपयोगी कपडे पोहोचले, की त्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. सन १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने ते निवडून कामी आणले. त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘गूंज’चा आग्रह असा, की गावकऱ्यांनी गावासाठी श्रम करावेत आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घ्यावेत, म्हणजे कोणाची मान खाली जात नाही.

संत मार्टिन अजून स्नानसंस्कार न झालेला तरुण शिपाई होता. कडाक्याच्या थंडीत आमियां शहराच्या वेशीवर त्याला एक उघडा भिकारी दिसला. त्याने अंगावरचाच झगा तलवारीने कापून अर्धा त्याला दिला. त्या रात्री स्वप्नात प्रभू येशू तोच अर्धा तुकडा पांघरून उभा होता. पुढे त्या झग्याच्या लॅटिन नावावरूनच ‘चॅपेल’ हा शब्द आला. मार्टिनने जुने, नकोसे असे काही शोधले नव्हते. म्हणून देताना कपडे धुऊन, इस्त्री करून, तुटलेले बटण लावून द्यावेत. जे आपण आपल्या भावाला देणार नाही, ते ख्रिस्ताला कसे द्यावे?

आणखी एक हिशेब आपल्या मराठवाड्याने तरी करावा. एक सुती शर्ट तयार व्हायला, कापसाच्या शेतीपासून धरून, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा जगभर मानला जाणारा अंदाज आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. तिने पाच लाख लिटर पाणी आणले. या हिशेबाने ते सारे पाणी जेमतेम १८५ शर्टांचे. म्हणजे चार-पाच घरांच्या कपाटांतले! पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरा आणि फेका या वृत्तीविषयी जे बजावले, ते आपल्या दुष्काळी भूमीला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याचा अर्थ ख्रिस्ती माणसाने गबाळे राहावे असा नव्हे. आपल्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात लिहिले आहे, की भक्तिमान माणसे नीटनेटकी, शोभेशी पोशाख केलेली असावीत, मात्र त्यात बडेजाव नसावा. नाताळला मुलांना नवे कपडे जरूर घ्यावेत. पण एक नवा घरात आला की एक चांगला बाहेर जावा, एवढा नियम सर्वांना पाळता येईल.

या आठवड्यात एका संध्याकाळी जपमाळेनंतर सर्वांनी मिळून कपाट उघडू या. मुलांनाही सोबत घेऊ या; काय द्यायचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे. गेल्या वर्षभरात जे अंगाला लागले नाही, ते बाजूला काढू या. त्यातले चांगले निवडून कोणाला उपयोगी पडेल त्याचा विचार करू या. डिसेंबरच्या थंडीत घाटी रुग्णालयात लांबलांबच्या गावांहून रुग्ण येतात. त्यांच्या नातेवाइकांना रात्र काढायला एक स्वेटर, एक चादर फार मोठी वाटते. ती देताना नाव विचारावे, दोन शब्द बोलावेत.

आपल्या स्नानसंस्काराच्या दिवशी आपल्याला एकच शुभ्र वस्त्र मिळाले होते. प्रभूने क्रुसावर जाताना स्वतःचा बिनशिवणीचा अंगरखाही शिपायांच्या हाती जाऊ दिला, आणि त्याच्या जन्मवेळी मातेने त्याला साध्या बाळंत्यात गुंडाळले होते. तो गव्हाणीत येईल तेव्हा आपल्या हातून कोणाच्या तरी अंगावर ऊब गेलेली असो.

प्रभू येशू आपणा सर्वांना उदार अंतःकरण देवो. आमेन.

— आपले धर्मगुरू