तोफेची ओळख

ज्यात धान्य कांडतात ते उखळ, आणि आखूड, रुंद तोंडाची, गोळा उंच उडवून तटापलीकडे टाकणारी ती उखळी तोफ. जर्मन भाषेनेही ‘म्यॉर्सर’ या एकाच शब्दात या दोन्ही वस्तू बसविल्या आहेत. एक अन्न तयार करते, दुसरी अन्न खाणाऱ्यालाच नाहीसे करते. भाषेला मात्र केवळ आकाराचे साम्य दिसले.

एकोणिसाव्या शतकातील वेढ्याच्या ज्या जर्मन उखळी तोफा आज उरल्या आहेत, त्यांची ओळख पटविणे हे मोठे चिकाटीचे काम आहे. प्रथम तोंडाचा व्यास मोजायचा. मग नळीत डोकावायचे. आत गुळगुळीत असेल, तर तोफ बहुधा जुन्या धाटणीची, तोंडाकडून भरायची. पीळदार चर दिसले, तर नव्या धाटणीची, मागून भरायची. धातू कासे की पोलाद, हे पाहायचे. रंगाचे थर खरवडले, तर राजाचे आद्याक्षर, ओतशाळेचे नाव, वर्ष आणि क्रमांक सापडण्याचा संभव असतो. प्रशियाच्या कित्येक तोफांवर एक लॅटिन वचनही असे. त्याचा अर्थ, ‘राजाचा अखेरचा युक्तिवाद’. शिवाय गाडा मूळचाच आहे की दुसऱ्या तोफेचा, हेही तपासावे लागते.

हे सारे जुळले म्हणजे ओळख पटली, असे आपण म्हणतो. पण खरोखर पटली काय?

१८७०च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने स्ट्रासबुर्गला वेढा घातला. तेथे २१ सेंटिमीटर व्यासाच्या, पीळदार चरांच्या नव्या उखळी तोफाही आणल्या होत्या. २४ ऑगस्टच्या रात्री शहरावरील भडिमारात तेथील ग्रंथालय जळाले. हेराड या मठाधिपती स्त्रीच्या देखरेखीखाली बाराव्या शतकात सिद्ध झालेला ‘हॉर्टस डेलिसियारुम’ हा सचित्र ग्रंथ त्यात राख झाला. त्या रात्री कोणत्या तोफेने काय जाळले, हे मात्र कोणत्याही नळीवर कोरलेले नाही. कोणी ओतली ते धातू सांगतो. कोणावर डागली ते सांगत नाही.

येथे मनाला एक मोह होतो. समोरच्या कोणत्याही तोफेला स्ट्रासबुर्गचे पातक चिकटवावे, म्हणजे पाहणाऱ्याचे अंतःकरण हेलावेल. परंतु पुराव्यावाचून केलेला आरोप निर्जीव धातूवर केला तरी असत्यच ठरतो. आणि खोट्या साक्षीने मृतांना न्याय मिळत नाही. उलट, क्रमांक वाचला की कर्तव्य संपले असे मानणेही तितकेच अपुरे आहे. ज्याला प्रत्येक खूण वाचता येते, त्यानेच सांगितले पाहिजे की खुणा कोठे संपतात.

तो जळालेला ग्रंथ आज आपल्याला थोडाफार ठाऊक आहे, तो आगीपूर्वी काही अभ्यासकांनी त्यातील चित्रे व मजकूर उतरवून ठेवला म्हणून. पुढे काय होणार, हे त्यांना माहीत नव्हते. जे समोर होते ते त्यांनी न वाढविता, न घटविता उतरवले. तोफेचा गंजलेला क्रमांक वाचणाऱ्याकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. ओळखपाटीवर ओतशाळा असावी, वर्ष असावे, आणि ‘कोठे डागली गेली’ यापुढची जागा, पुरावा मिळेपर्यंत, कोरी असावी. त्या कोऱ्या जागेपाशी पाहणारा क्षणभर थांबला, तरी पाटीने आपले काम केले.