जायबंदी जवानाच्या घरचा हक्क

रणभूमीवरून हात वा पाय गमावून परतलेला जवान निवृत्तिवेतनासाठी दाद मागतो, तेव्हा त्याच्या मनात स्वतःच्या निर्वाहाहून मोठी विवंचना असते, ती आपल्यामागे बायकामुलांचे काय होईल याची. देशाने त्याची शुश्रूषा केली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्राने १९४४ पासून असंख्य जवानांना चालते केले आणि खडकीच्या पुनर्वसन केंद्राने १९७४ पासून कमरेखाली लुळ्या पडलेल्यांना आसरा दिला. परंतु शुश्रूषेत जे औदार्य दिसते, ते हिशेबाच्या दप्तरात पोहोचेपर्यंत आटते.

निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नकारा खटल्यात दिला. आणि २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात असे ठरविले की, भरतीच्या वेळी ज्याच्या प्रकृतीत दोष नोंदलेला नाही, त्याला पुढे जडलेली व्याधी सेवेमुळेच जडली असे गृहीत धरावे, व तसे नसल्यास ते सरकारने सिद्ध करावे. जनतेची तिजोरी राखणाऱ्याने चौकशी करू नये, असे कोणी म्हणणार नाही. मात्र दवाखान्याचे कागद, नेमणुकांची नोंद, वैद्यकीय मंडळाचा शेरा हे सारे दप्तर ज्याच्या कबजात आहे, त्यानेच कुबड्यांवर आलेल्या फिर्यादीकडे पुरावा मागावा, हे न्यायबुद्धीला मानवणारे नाही.

व्याधी सेवेशी निगडित आहे की नाही, या वैद्यकीय मंडळाच्या शेऱ्याचे परिणाम जवानाच्या मृत्यूनंतरही सरत नाहीत. अपंगत्वापोटी मिळणारा हिस्सा त्याच्या हयातीपुरताच असतो. विधवेला सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, मृत्यूचे कारण सेवेशी निगडित ठरल्यास ६० टक्के, आणि रणांगणातील मृत्यू असल्यास पूर्ण वेतनाइतके मिळते. एखाद्या डॉक्टरने घाईत लिहिलेली ओळ अशा रीतीने एका घराची चूल किती पेटेल हे ठरविते.

त्यातून हे निवृत्तिवेतन हाती पडायला विधवेचे नाव सर्व कागदांवर जुळावे लागते, आणि आपल्याकडे तर लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल. शिधापत्रिकेवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आणि पलटणीच्या नोंदीत कारकुनाच्या कानांवर पडले तसे तिसरेच. मुलांच्या जन्माची पलटणीच्या दप्तरातील अधिकृत नोंद, म्हणजे ‘पार्ट टू ऑर्डर’, तर कित्येकदा निघालेलीच नसते. नवरा हयात असता जी दुरुस्ती त्याच्या एका अर्जाने होऊ शकते, तिच्यासाठी विधवेला पुढे प्रतिज्ञापत्रे घेऊन तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालावे लागतात, आणि तेही दुःखाचे दिवस ताजे असताना.

वैद्यकीय मंडळांनी ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारताना त्याची कारणे लिहिलीच पाहिजेत, आणि कारणे नसतील तेथे सरकारने जवानाला न्यायाधिकरणाची पायरी चढावयास लावू नये. वाचकांपैकी ज्यांच्या गावी असा एखादा माजी सैनिक असेल, त्यांनी त्याला सोबत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे आणि त्याच्या पत्नीचे नाव सर्व कागदांवर एकसारखे आहे ना, हे तो हयात असतानाच पाहून घ्यावे.