रात्री दोनचा अलर्ट आणि रात्री दोनचा खोकला

आजचे वाचन : फिलिप्पैकरांस पत्र २:१-१३



मागच्या आठवड्यात माझी ऑन-कॉल ड्युटी होती. रात्री दोन वाजता अलर्ट वाजला, सर्व्हर बंद. मी ताडकन उठलो, लॅपटॉप उघडला आणि पाऊण तासात सगळं सुरळीत केलं. सकाळी टीमच्या ग्रुपवर कौतुक झालं. बरं वाटलं.

दुसऱ्या रात्री, साधारण त्याच वेळेला, आमची चार वर्षांची लेक खोकायला लागली. मला जाग आली होती. पण मी डोळे मिटून तसाच पडून राहिलो. बायको उठली, पाणी कोमट केलं, तिला मांडीवर घेऊन बसली. सकाळी डबा भरताना तिने एवढंच विचारलं, "तू जागा होतास ना?"

घणसोलीहून ट्रेनमध्ये बसलो तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. थकवा तर दोन्ही रात्री सारखाच होता. मग फरक कशाचा? पहिल्या रात्री माझं नाव होणार होतं, दुसऱ्या रात्री कोणी बघणार नव्हतं. स्वार्थ म्हणजे फक्त पैशाची हाव नाही. कोणासाठी उठायचं हे 'मी'च ठरवणार, हाही स्वार्थच.

पौलाने हे पत्र कैदेतून लिहिलं. स्वतः बेड्यांत असलेला माणूस इतरांच्या हिताकडेही बघायला सांगतो. आणि उदाहरण देतो ते ख्रिस्ताचं. देवाच्या बरोबरीचा असूनही त्याने तो मान धरून ठेवला नाही, तर दासाचं रूप घेतलं. योहान १३ मध्ये तो शिष्यांचे पाय धुतो. त्यात यहूदाचेही पाय होते!

आपल्या मराठी मंडळीतलं एक घर आठवतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. टिळकांवरची माझी श्रद्धा कमी होत नाही, पण इथे मी थबकतो. एवढ्या मोठ्या निर्णयाची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाने मोजली. 'मी देवासाठी करतोय' म्हणतानासुद्धा शेजारचं माणूस नजरेआड होऊ शकतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. लक्ष्मीबाई परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. जातीचं सोवळं सोडणाऱ्या त्या बाईंनी दुष्काळातल्या अनाथ मुलांना घरात जागा दिली. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. फारसं शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम आपलं मानणं, यालाच मी संसार म्हणेन.

मित्रांनो, आपण टू बीएचकेमध्ये राहतो. एकेकाच्या कानात हेडफोन, एकेकाच्या हातात स्क्रीन. एकाच छताखाली राहूनही आपण भाडेकरूंसारखे वागू शकतो. रविवारी उपासनेत हात वर करणं सोपं आहे, तिथे सगळे बघतात. रात्री दोनला उठल्याची नोंद कुठल्याच सिस्टिममध्ये होत नाही. म्हणूनच कुटुंब ही देवाची शाळा आहे. इथे 'मी' रोज थोडा थोडा झिजतो.

आता 'उद्यापासून सुधारेन' असा संकल्प मी कितीतरी वेळा केलाय आणि मोडलाय. म्हणून तेरावं वचन मला फार धीर देतं. आपल्यात चांगलं करण्याची इच्छा आणि ते करण्याचं बळ, दोन्ही देवच निर्माण करतो. मी फक्त "हो प्रभू" म्हणायचं आणि पांघरूण बाजूला सारायचं.

त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, "हो, जागा होतो. माफ कर." ती म्हणाली, "माहीत होतं. आज तुझी पाळी." रात्री खोकला आला. उठलो. लेक माझ्या खांद्यावर झोपली तेव्हा साडेतीन वाजले होते.

आज करून पाहा : घरातलं असं एक काम करा, जे केल्याचं कोणालाच सांगायचं नाही.

प्रार्थना : प्रभू येशू, तू दास झालास आणि मी घरातही साहेबच राहिलो. मला क्षमा कर. माझ्या माणसांची हाक मला ऐकू येऊ दे आणि ऐकल्यावर उठण्याची कृपा दे. आमेन.