बागेत बोलतात, कारखान्यात का नाही?

ऑक्टोबर छाटणी उरकली की इंदापूर तालुक्यातल्या बोरीच्या शिवारात द्राक्षबागायतदारांचं बोलणं ऐकावं. चारचौघे एकाच्या बागेत उभे राहतात, कुणी पान उलटून बघतो आणि विचारपूस सुरू होते. डाऊनी रोगावर काय मारलं, पुढची फवारणी किती दिवसांनी घेतली, जीएचं डिपिंग कधी केलं, काडीला घड किती ठेवले. बागेचा मालक हातचं राखत नाही. गेल्या हंगामात कुठे फसलो, तेही सांगून टाकतो. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघानं चर्चासत्रं आणि शिवारफेऱ्यांतून हीच रीत राज्यभर रुजवली. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात जानेवारीत भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनातही पिकं आधीपासून वाढवून ठेवलेली असतात, माणूस उभ्या पिकासमोर थांबून प्रश्न विचारतो.

याच पट्ट्यात उद्योजकांचे मेळावेही भरतात. ते भरावेत, वाढावेत असं मला मनापासून वाटतं. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी तयार होते, वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंग बनतात, भिगवणच्या बाजारात उजनीच्या पाण्यातली चिलापी लिलावात जाते, गावोगाव दूध संकलन चालतं. इतक्या तऱ्हेचे धंदे एका दिवसाच्या अंतरात असलेले तालुके थोडेच. पण मेळाव्यात त्यांची गाठ पडते ती सत्कारापुरती. दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, मग यशोगाथा. शून्यातून सुरुवात, घरच्यांची साथ, आजची उलाढाल. खरा प्रश्न निघतो तो जेवणं झाल्यावर, हात धुवायच्या नळापाशी, हलक्या आवाजात: “अण्णा, तुमचं पेमेंट किती दिवसांनी येतं हो?”

हा प्रश्न माईकवर यायला हवा, एवढंच मला सांगायचं आहे.

बागायतदार मोकळेपणानं बोलतात ते काही स्वभावानं अधिक उदार म्हणून नाही. त्यांचं हित एकमेकांत अडकलेलं आहे. डाऊनी बांध ओळखत नाही. शेजारच्या बागेत आली की आपल्याकडे यायला वेळ लागत नाही. २०१०मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाचे अंश सापडले, तेव्हा झळ केवळ ते वापरणाऱ्यांनाच नव्हे, साऱ्या निर्यातदारांना बसली. एकाच्या फवारणीनं सगळ्यांचा माल अडतो, हे त्या हंगामानं शिकवलं. शिवाय बोरीतले दोघे शेजारी एकमेकांचं गिऱ्हाईक पळवत नाहीत. दोघांचा भाव दूरच्या बाजारात ठरतो.

लेथवाल्या लघुउद्योजकाचं तसं नाही. एकाच मोठ्या कारखान्याच्या दारात तिघे जॉबवर्कसाठी उभे असतात. आज दर सांगितला तर उद्या काम दुसऱ्याकडे जाईल. त्याच्या गप्प राहण्याला मी नावं ठेवणार नाही. ते मौन त्याच्या पोटापाण्याचं आहे.

पण दर झाकून ठेवूनही थकबाकीबद्दल बोलता येतं, आणि डाऊनीसारखीच तीही एका शेडपुरती राहत नाही. मोठ्यानं पैसे अडवले की लहान कारखानदार कच्च्या मालाचे पैसे थकवतो, तो व्यापारी वाहतूकदाराचे. लहान उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यात मुदत स्पष्ट आहे: लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. आयकरातही १ एप्रिल २०२४पासून तरतूद आली की सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला, ते प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. कायदा भक्कम आहे. अडतं ते एकट्यानं तक्रार करण्यापाशी, कारण पुढची ऑर्डर त्याच दारातून यायची असते. कित्येकांची तर उद्यम नोंदणीही नसते, मग कायद्याचा आधार घ्यायचा कसा?

इथे मेळाव्याचं बळ कामी येतं. कुठला खरेदीदार सरासरी किती दिवसांनी पैसे देतो, याची यादी पुरवठादारांची नावं न घेता संघटनेला करता येईल. पहिलं पत्रही संघटनेच्याच लेटरहेडवर जाऊ दे. एकट्या लेथवाल्याला पुढे ढकलू नये. नोंदणी राहिलेल्यांचं काम त्याच मंडपात, आधार-पॅन घेऊन, उरकता येईल.

धंदा बंद करावा लागलेल्या माणसालाही व्यासपीठावर बोलवावं. हप्ता कितीचा होता, कुठला माल रिजेक्ट झाला, कोणत्या महिन्यात हात टेकले, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? नवं मशीन घ्यायला निघालेल्या पोराला ते ऐकून जो हिशेब कळेल, तो दहा यशोगाथांत मिळत नाही. बचतगटाच्या बायका भीमथडी जत्रेत हेच करतात; कुठलं पाकीट उठलं, कुठलं पडून राहिलं, हे शेजारच्या स्टॉलवाल्या बाईला विचारायला त्या लाजत नाहीत.

तेव्हा बारामती आणि इंदापूरच्या संयोजकांना विनंती आहे. पुढच्या मेळाव्यात सत्कार निम्मे करा आणि ‘पेमेंट किती दिवसांनी येतं’ या एका विषयाला पूर्ण दोन तास द्या. त्या वेळी खरेदीदार कंपन्यांच्या पर्चेस खात्यातल्या लोकांनाही पहिल्या रांगेत बसवा.