त्या काळी तसंच असायचं

दिवाळीचे दिवस म्हणजे घर भरण्याचे दिवस. लेकी माहेरी येतात, दूरदूरचे आप्त जमतात, फराळाची ताटे फिरतात आणि रात्रीची जेवणे आटोपली की सारा गोतावळा पडद्यासमोर येऊन बसतो. पूर्वी अशा वेळी घरातले वडीलधारे गोष्ट सांगत. आता पडदा सांगतो. त्यातही जुन्या काळाची गोष्ट असली म्हणजे आजीपासून नातवंडांपर्यंत कोणाचीच तक्रार राहत नाही. चौसोपी वाडे, समयांचा उजेड, पैठणीचे काठ, अदबीचे बोलणे हे सारे डोळ्यांना निववणारे असते. अलीकडे तर विलायतेचा जुना काळही घरबसल्या पाहता येतो. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तरी खाली उमटणाऱ्या अक्षरांच्या आधाराने जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवरच्या मालिका मी आवडीने पाहतो. घोडागाड्या, हिरवी कुरणे आणि चहाच्या पेल्यावरून चाललेली नाजूक भांडणे पाहताना मन रमून जाते, हे मी नाकारीत नाही.

या करमणुकीत कोणाचे काही बिघडत नाही, असे आपण धरून चालतो. मला मात्र तिच्यापोटी एक प्रश्न दडलेला दिसतो, आणि तो दिवसेंदिवस अधिकच टोचू लागला आहे. जुन्या काळावर आपला जीव जडला, तर त्या काळाने केलेल्या अन्यायाचे आपण काय करायचे? तो पाहिला न पाहिल्यासारखा करायचा, की त्या काळावरच डोळे मिटून घ्यायचे?

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मराठी साहित्य पुस्तकाच्या पानांतून उठून थेट माजघरात आले ते त्यानंतर. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने घरोघर पाहुणे होऊन गेले. पुढे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली. कादंबरी १९६२ सालची. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला. वाचनालयातून तिच्या प्रती फाटेस्तोवर वाचल्या गेल्या होत्या. तरीही रवींद्र मंकणी यांचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई पाहण्यासाठी लोक कामे टाकून बसत. आमचे बाळकुम तेव्हा खाडीकाठचे गावठाण होते. कशेळीच्या पुलाच्या वाटेवर आज दिसतात ते उंच मनोरे तेव्हा नव्हते. ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओटीपर्यंत माणसे दाटून बसत. कथेचा शेवट सर्वांना ठाऊक होता. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले, पानिपतात बुडालेले राज्य त्यांनी सावरले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरला क्षयाने त्यांचा अंत झाला. रमाबाई सती गेल्या. ठाऊक असलेल्या गोष्टीसाठीही माणसे रडतात. किंबहुना तिच्यासाठीच अधिक रडतात.

नाटकगृहात रडणे वेगळे आणि घरात रडणे वेगळे. नाटकगृहात अंधार असतो, शेजारचा परका असतो आणि पडदा पडला की आपण चपला शोधायला मोकळे होतो. घरात दिवा चालू असतो. मांडीवर नात असते. आणि नातीला गप्प बसण्याची शिस्त अजून लागलेली नसते. ती विचारते, ‘‘आजी, तिला कोणी अडवलं का नाही?’’

घरबसल्या पाहण्यात नाटक-सिनेमाहून निराळे काही असेल, तर ते हेच आहे. येथे प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर लेखकाला द्यावे लागत नाही की दिग्दर्शकाला. ते घरातल्या मोठ्या माणसांना द्यावे लागते. शाळेत वर्ग चालवताना मी एक गोष्ट शिकलो. मुले आपल्या धड्यातले पुष्कळ विसरतात, पण त्यांच्या प्रश्नाला आपण ज्या सुरात उत्तर दिले तो सूर ती जन्मभर विसरत नाहीत.

अशा वेळी आपल्यापाशी तीन तयार उत्तरे असतात. पहिले उत्तर सर्वांत सोपे: ‘‘अगं, त्या काळी तसंच असायचं.’’ या उत्तराने मूल गप्प होते, मालिका पुढे सरकते आणि कोणालाच दोष लागत नाही. परंतु हे उत्तर खरे आहे काय? माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई घ्या. नानासाहेब पेशवे १७६१ साली वारले. गोपिकाबाई सती गेल्या नाहीत, पुढे कितीतरी वर्षे जगल्या, आणि त्यांना कोणी पेशव्यांच्या घराण्याला बट्टा लावणारी म्हटल्याचे ऐकिवात नाही. अहिल्याबाई होळकर घ्या. त्यांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या. सासरे मल्हारराव आडवे आले. म्हणजे त्याच काळात, त्याच समाजात, एका सासऱ्याने सुनेला अडवले, आणि त्या अडवण्यातून १७६७ ते १७९५ अशा अठ्ठावीस वर्षांचा एक राज्यकारभार या देशाला लाभला. ‘कोणी अडवलं का नाही’ या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे: अडवणारे अडवीत होते.

आणि तरी गोष्ट इतकी सरळ नाही. याच अहिल्याबाईंची लेक मुक्ताबाई, नवरा वारल्यावर १७९१ साली सती गेली. आईने विनवण्या केल्या, त्या फुकट गेल्या. जिच्या शब्दावर एक राज्य चालत होते, तिचा शब्द पोटच्या लेकीपुढे चालला नाही. रूढीचे बळ केवढे असते, हे मला कोणत्याही ग्रंथापेक्षा या एका प्रसंगाने शिकवले. ‘त्या काळी तसंच असायचं’ या वाक्यात मुक्ताबाई मावते. पण अहिल्याबाई आणि मल्हारराव त्यात मावत नाहीत. अर्धा काळ झाकून ठेवणारे वाक्य खरे कसे म्हणायचे?

दुसरे उत्तर भक्तीचे. ‘‘बाळ, ती देवी होती,’’ असे म्हणून आजी हात जोडते. आजीच्या मनातला आदर खोटा नसतो. रमाबाईंचे प्रेमही खोटे नव्हते. पण पडद्यावर आगीची ऊब लागत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. तेथे हळदीकुंकवाचा मळवट दिसतो, सनईचा सूर लागतो, प्रकाश सोनेरी होतो आणि कातडी भाजण्याची वेळ येण्यापूर्वीच चित्र पालटते. ही कलेची सभ्यता आहे, पण नेमकी तीच कलेची लबाडीही आहे. ‘स्वामी’ पाहून मराठी घरे हळहळत होती त्याच सुमारास, सप्टेंबर १९८७ मध्ये, राजस्थानात देवराला येथे रूपकंवर ही अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली, आणि त्या जागी हजारो लोक दर्शनाला लोटले. बेंटिंकने सतीबंदीचा कायदा केला होता ४ डिसेंबर १८२९ रोजी. दीडशेहून अधिक वर्षे उलटली तरी नमस्काराला जोडलेले हात तसेच राहिले होते. म्हणून १९८७ च्या नव्या कायद्याने सतीचे गोडवे गाणे हाही गुन्हा ठरवावा लागला. कादंबरीने वा मालिकेने कोणाला चितेवर ढकलले, असे मी मुळीच म्हणत नाही. पण घरातल्या नमस्काराला आपण समजतो तितका तो निरुपद्रवी नसतो, एवढे खरे.

तिसरे उत्तर आमच्यासारख्या चार पुस्तके वाचलेल्यांचे. ‘‘रानटी लोक होते सगळे!’’ हे उत्तर ऐकायला पुरोगामी वाटते, पण मला ते सर्वांत स्वस्त वाटते. त्यात रमाबाईंना समजून घेण्याची तसदी नाही आणि आपल्याला काही करण्याची जबाबदारी नाही. मेलेल्यांना शिव्या देऊन जिवंतांना चांगले होता येत नसते. शिवाय ते खोटेही आहे. रानटी म्हटलेल्या त्याच पेशवाईत रामशास्त्री प्रभुणे होते. नारायणरावाच्या खुनाचा दोष त्यांनी खुद्द राघोबादादांवर ठेवला. योगायोग असा, की ‘स्वामी’ मालिकेचे दिग्दर्शक गजानन जागीरदार यांनीच १९४४ सालच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात रामशास्त्री उभे केले होते. प्रत्येक काळात ‘असंच असतं’ म्हणणारी बहुसंख्य माणसे असतात, आणि ‘हे चालायचे नाही’ म्हणणारा एखाददुसराही असतो. जुन्या काळाचे चित्र खरे व्हायचे तर त्यात दोघेही हवेत.

हा घोळ आपल्याकडेच आहे असे नाही. जेन ऑस्टिनची ‘मॅन्सफील्ड पार्क’ ही कादंबरी १८१४ सालची. त्या देखण्या घराचा धनी सर टॉमस याची दूर अँटिग्वा बेटावर मालमत्ता होती. अशा बेटांवर तेव्हा गुलामांच्या कष्टांवर उसाचे मळे पिकत. कादंबरीत फॅनी ही गरीब भाची एका संध्याकाळी सर टॉमसला गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते, आणि दिवाणखान्यात शांतता पसरते. कोणीच बोलत नाही. लेखिकेने त्या शांततेचा एवढाच उल्लेख केला आणि ती पुढे गेली. दीडपावणेदोनशे वर्षे पुष्कळ वाचकांच्या ते ध्यानातही आले नाही. १९९९ साली त्या कादंबरीवर जो चित्रपट निघाला त्याने ती शांतता फोडली आणि गुलामांचे हाल पडद्यावर आणले. काही रसिकांना ते रुचले नाही. आमच्या सुंदर गोष्टीत हे कशाला, असे त्यांना वाटले. मला मात्र ती भाची आणि आपल्याकडची मांडीवरची नात सख्ख्या बहिणी वाटतात. दोघींनी दिवाणखान्यात प्रश्न विचारला. दोघींना मिळाले काय, तर शांतता.

मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा लेखकाची बाजूही सांगायला हवी. यावर उपाय म्हणून जुन्या नायिकेच्या तोंडी आजची भाषणे घालणे मला मान्य नाही. रमाबाईंनी चितेपाशी उभे राहून स्त्रीमुक्तीवर बोलणे हे सतीचे गोडवे गाण्याइतकेच खोटे ठरेल. लेखकाने काळ बदलू नये. फक्त त्या काळाची किंमत कोणी मोजली ते लपवू नये. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका आली तेव्हा छोट्या रमेने घरोघर जीव लावला. परकर सावरीत धावणारी ती गोड पोर पाहताना, अकरा वर्षांच्या मुलीचे एकतीस वर्षांच्या बिजवराशी लग्न लागते आहे हे विसरायला होत असे. आणि तो वर कोण, तर विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे. वडिलांच्या आग्रहापुढे तेही नमले. रमाबाई रानड्यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांत शिकण्यापायी घरातल्या बायकांकडून सोसावा लागलेला जाच त्यांनी आकांडतांडव न करता लिहून ठेवला आहे. पतीवरचे प्रेम आणि सोसलेले दुःख ही दोन्ही एकाच शाईने लिहिता येतात, याचा तो दाखला आहे. पाहणाऱ्यालाही दोन्ही एकाच डोळ्याने पाहता आली पाहिजेत.

आता एक गोष्ट थोडी भीतभीतच लिहितो. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही १८१३ सालची कादंबरी. १९९५ साली बीबीसीने सहा भागांत तिची मालिका केली. त्यात पाच बहिणी आहेत. बाप मेला की राहते घर आणि जमीन त्यांना न मिळता दूरच्या एका पुरुष नातेवाइकाला जायची आहे, कारण मिळकतीची बांधणीच तशी. हे पाहताना आपण हसतो. काय वेडे कायदे, म्हणतो. आपला कायदा शहाणा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली लेकीला वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. आणि तरी आमच्यासारख्या गावांत शेतजमिनींचा सोन्याचा भाव झाला, मनोरे उठले, तेव्हा हक्कसोडपत्र हा शब्द घराघरात ठाऊक झाला. बहीण सही करते. कोणी तिला दटावलेले नसते. माहेर तुटू नये, दिवाळीला कोणीतरी ‘ये गं’ म्हणावे, एवढ्यासाठी ती करते. आणि आपण म्हणतो, ‘‘आमच्यात तसंच असतं.’’ भाऊबीजेला ओवाळणारी बहीण आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा टेकवणारी बहीण एकच असते.

वाचकहो, शंभर वर्षांनी आपल्यावरही मालिका निघेल. आपले कपडे, आपले पदार्थ, आपले दिवे मोठ्या हौसेने मांडले जातील, आणि एखादी नात आजीला विचारील, ‘‘त्या बाईनं सही केली तेव्हा तिला कोणी अडवलं का नाही?’’ तिला काय उत्तर मिळावे, हे अजून आपल्या हाती आहे. रमाबाईंच्या बाबतीत ते कोणाच्याच हाती उरलेले नाही.

म्हणून मला वाटते, जुन्या काळाच्या गोष्टी जरूर पाहाव्यात, घरच्यांसह पाहाव्यात, रडावेसे वाटले तर रडावेही. नातीने प्रश्न विचारला की मात्र आवाज मोठा करू नये, तिला चकलीही देऊ नये. मालिका थोडी थांबवावी. आता ती थांबवता येते, ही नव्या यंत्रांची मोठीच सोय आहे. मग तिला गोपिकाबाईंची, मल्हाररावांची, मुक्ताबाईची गोष्ट सांगावी. सांगावे की अडवणारे होते, थोडे होते, आणि त्यांचे कधी चालले, कधी चालले नाही. आणि भाऊबीजेच्या ताटात ओवाळणी टाकताना, पुढ्यात बसलेल्या बहिणीला एकदा विचारावे: ‘‘ताई, त्या कागदावर तुला खरंच सही करायची होती का गं?’’