टाकलेल्या वस्तूचा धनी

‘टाकणे’ हे क्रियापद दिसावयास जितके साधे आहे तितके ते नाही. विकलेल्या वस्तूवरील आपला हक्क पैसे घेताक्षणी सुटतो, दिलेल्या वस्तूवरील देताक्षणी. परंतु टाकलेली वस्तू कोणाची? व्यवहारात तिला धनी नसतो, आणि म्हणूनच ती निस्तरण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न आम्हां सुशिक्षितांनी आजवर सोयीस्करपणे अनुत्तरित ठेवला आहे.

भांडुपच्या रहिवाशास हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ साली बंद झाली, आणि मुंबईच्या कचऱ्याचा फार मोठा भाग शेजारच्या कांजूरमार्गला खाडीकाठी येऊन पडू लागला. वारा फिरला की दूरच्या पेठांतील उष्ट्याखरकट्याचा वास भांडुपच्या खिडकीतून आत येतो. त्याबद्दल तक्रार करण्याचा येथील लोकांस पूर्ण अधिकार आहे. मात्र त्या ढिगात भांडुपच्या बाजारपेठेचा, खानावळींचा आणि शाळांचाही वाटा आहे, हे तक्रार करताना विसरून चालणार नाही.

कोणी म्हणतील, आमच्या लोकांस कचरा निवडण्याचे शिक्षणच नाही. हे आम्हांस मुळीच मान्य नाही. वर्तमानपत्रांची घडी घालून रद्दी रचून ठेवावयास, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवावयास आमच्या गृहिणींस कोणी शिकविले? किराणा दुकानदार रिकामी खोकी मोडून पुठ्ठ्याचा गठ्ठा बांधतो, तो काही व्याख्यान ऐकून नव्हे. ज्यास भाव आहे ते आपण बिनचूक निवडतो. ज्यास भाव नाही ते सारे एकाच डब्यात लोटतो. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असा कचरा निर्माण करणाऱ्यानेच वेगळा करावा असे ठरविले. म्हणजे कायद्याने टाकलेल्या वस्तूस धनी नेमून दिला. मनाने मात्र तो अद्याप नेमलेला नाही.

आणि यातील अन्याय कोठे आहे तो पाहा. आमटीने भिजलेल्या कागदाचा भाव जातो. तो तोटा टाकणारास होत नाही, वेचणारीस होतो. आम्ही वाचविलेल्या अर्ध्या मिनिटाची किंमत ती घाणीत हात घालून तासांनी मोजते. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ या उपक्रमातून मुंबईतील कचरावेचक स्त्रियांस संघटित केले, खत करण्याचे शिक्षण दिले. या स्त्रियांस आमची दया नको आहे. कोरडा कागद हवा आहे. प्रश्न स्वच्छतेचा आहे त्याहून अधिक तो दुसऱ्याच्या श्रमांचा आहे.

“आम्ही निराळे करतो, पण गाडीत सारे एक होते,” हा आक्षेप नेहमीच खोटा असतो असे नाही. परंतु सुक्या मालास गाडीची वाट पाहण्याचे कारण काय? भंगारवाला गल्लीच्या तोंडाशीच बसलेला असतो. खरी अडचण ओल्याची. चार फुटांच्या जागेत वडे तळणारास खतासाठी खड्डा खणा म्हणणे ही थट्टा आहे. दहा-पंधरा दुकानांनी मिळून एक वेचणारी बाई पगारावर ठेवावी, आणि जवळच्या शाळेने आपल्या आवारातील एक कोपरा खतासाठी द्यावा, असे काही घडवून आणणे यासच आम्ही साहाय्य म्हणू. भिंतीवर सुविचार रंगविण्यास नव्हे.

शाळांविषयी तर आम्हांस थोडे कडूच बोलावे लागेल. ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रदर्शनांच्या अध्यक्षपदी बसण्याचा योग आम्हांस अनेकदा आला. त्यासाठी पालक नवा चकचकीत कागद आणि नवा डिंक विकत आणतात, आणि आठवड्याने ते ‘टिकाऊ’ केराच्या पेटीत जाते! गाडगेमहाराजांच्या तसबिरीचा हारही पुष्कळदा त्याच वाटेने, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जातो. त्यापेक्षा मधल्या सुटीनंतरची पेटी मुलांकडूनच उघडवून तिचे वजन करवावे; डब्यातील किती पोळी फुकट गेली ते फळ्यावर मांडावे. वरच्या वर्गातील मुलाची पुस्तके अर्ध्या किमतीत घेऊन आमची पिढी शिकली. ती रीत पुन्हा सुरू करण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

राहिला प्रश्न खर्चाचा. पुठ्ठा-बाटल्यांच्या विक्रीतून त्या बाईचा पगार निघेलच असे नाही. उणे पडेल ते दुकानदार आपल्या पदरचे घालणार नाही, आणि त्याने ते का घालावे? ते वडापावाच्या किमतीवर चढेल. तो अधिकचा रुपया देण्यास गिऱ्हाईक तयार आहे की नाही, हे भांडुप स्टेशनाबाहेर उभे राहून एकदा विचारून पाहिले पाहिजे.